तलावाकडची वाट मी अडवली

वडूजच्या अलीकडं, आमच्या रानाला लागून जुना तलाव आहे. थंडी सरत आली की पाणी ओसरतं, काठाला गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात रोहित पक्षी येऊन उभे राहतात. काटकुळे पाय, लांब मान, पंख उघडले की आत गुलाबी रंग. त्यांच्या आसपास बगळे, शेकाटे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे. फलटणच्या उसाच्या पट्ट्यातून या कोरडवाहू गावात लग्न होऊन आले तेव्हा मी पहिले काही महिने नुसती कुढत होते. या पक्ष्यांनी मला इथं रमवलं. माहेरच्या उसात असलं काही नव्हतं.

मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागू लागली. धाकट्या दिरानं काठावर वडापावची गाडी टाकली. त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पण लोकांना उभे पक्षी नको होते, उडणारे हवे होते. टाळ्या वाजवायचे, खडे मारायचे. पक्षी उठायचे, दमून खाली बसायचे, पुन्हा टाळ्या.

एका रविवारी कुणीतरी ड्रोन सोडला. सगळा थवा एकदम उठला आणि एक पक्षी विजेच्या तारेवर आपटून आमच्या शाळवाच्या उभ्या पिकात पडला. मी धावत गेले. मान लुळी पडली होती, अंग अजून गरम होतं. तिकडं काठावर लोक शिट्ट्या मारत होते.

मी पक्षी बांधावर ठेवला. घरी जाऊन ट्रॅक्टर काढला. तलावाकडं जाणारी वाट आमच्याच रानातून जाते. काठावरच्या गाड्या निघून जाईपर्यंत मी थांबले आणि मग ट्रॅक्टर वाटेत आडवा लावला. येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

दीर पळत आला. "वैनी, डोकं फिरलंय का तुमचं? पावणी माणसं हायत!"

"पावणं असं वागत्यात व्हय, भावजी?"

"एका पाखरासाठी माझा धंदा बुडवताय?"

"पाखरं गेली तर तुमचा वडा खायला कोण येनार हाय हितं? गाड्या बांधाच्या अलीकडं थांबतील. बघायचं त्यानं चालत जावं. खडा मारला, ड्रोन सोडला, तर वाट बंद. रान माझं हाय."

"रान दादाचं हाय."

तेवढ्यात आमचे मालक कोरेगावच्या बाजारातून आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, घरात फारसा बोलत नाही. मला वाटलं, चारचौघांत मलाच खाली उतरायला सांगतील. त्यांनी बांधावरचा मेलेला पक्षी पाहिला, ट्रॅक्टरवरच्या माझ्याकडं पाहिलं आणि भावाला म्हणाले, "ती म्हणतीय तसंच हुईल. जा, त्या लोकांना सांग."

गावात बैठक झाली. बाईमाणसानं वाट अडवली म्हणून दोन-चार जण तावातावानं बोलले. मी उठून म्हटलं, "तलाव गावाचा हाय, मान्य. वाट आमची हाय, त्येबी मान्य करा." शेवटी गाड्या बांधाशीच थांबवायचं ठरलं.

दिरानं त्या दिवाळीला आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ट्रॅक्टर आडवा लावल्याचं वाईट वाटत नाही. लोक आता चालत जातात, बाभळींच्या आडून बघतात. कुणी टाळी वाजवलीच तर मी रानातूनच ओरडते. माझ्या पाठीमागं काही जण मला तलावाची मालकीण म्हणून हिणवतात.

म्हणू देत. बायकोला घेऊन चालत आलेला एक माणूस परवा कुरकुरला, "ताई, एवढ्या लांबून आलोय, एकदा तरी उडताना दिसायला हवेत."

मी म्हटलं, "मग बसा. त्यांच्या मनात आलं की उडतील."