मेश्रामभाऊ आणि आकाशात नसलेलं विमान

मेश्रामभाऊंना नमस्कार केला की ते आधी मागे वळून बघायचे. आपल्याला कुणी उगाच नमस्कार करील यावर त्यांचा विश्वासच नव्हता. मग डोळे बारीक करून विचारायचे, "काहून? काय काम हाये?" यवतमाळजवळच्या हवाईपट्टीला लागून तेव्हा एक पत्र्याची शेड होती. तिथे ते छोट्या विमानांची यंत्रं तपासायचे आणि मी हत्यारांची खोली सांभाळायचे. सहा वर्षं रोज सकाळी हाच प्रश्न. एकदा वैतागून म्हटलं, "काम नाही हो भाऊ, माणुसकी आहे." तर म्हणाले, "थेच तं! त्याच्यातच काहीतरी लपलं असते."

माणूस मूळचा वणीचा. वडील कोळशाच्या खाणीत होते. "बाबा छत ठोकून पाह्यल्याशिवाय पुढं पाय टाकत नव्हते," असं भाऊ अभिमानानं सांगत. मुलानं तोच गुण उचलला, फक्त जरा जास्तच उचलला. चहा आला की आधी कपात डोकावणार. कुणी काही बातमी आणली की लगेच, "कोनं पाह्यलं?" आमच्या शिपायाचं लग्न ठरलं, त्यानं उमरखेडहून पेढे आणले, तर भाऊंनी पेढा उलटा करून बघितला आणि विचारलं, "मुलगी पसंत हाये मंते, पन कोनं पाह्यली?" शिपाई दोन दिवस बोलला नाही त्यांच्याशी. मला मात्र हसू आवरेना.

आता आमचं काम थोडं सांगायला हवं. प्रत्येक विमानात एक डबा असतो, तो आपली उंची आजूबाजूच्या विमानांना सतत कळवत राहतो. मोठ्या प्रवासी विमानातलं दुसरं यंत्र ते ऐकतं, आणि टक्कर होईल असं वाटलं की वैमानिकाला बजावतं, वर चढा किंवा खाली उतरा. वैमानिकानं वाद न घालता तसंच करायचं, हा नियम. भाऊंना हा नियम अजिबात पटायचा नाही. "न पाहताच आइकाचं? मी तं नसतं आइकलं बा!"

तपासणी करताना आम्ही पंपानं हवा ओढून शेडमधल्या विमानाला भासवायचो, की तू वीस हजार फुटांवर आहेस. ही थाप बाहेर जाऊन वरून उडणाऱ्या विमानाला खरी वाटू नये म्हणून अँटेनावर जाड टोपी घालायची. त्या टोप्या माझ्या खोलीत. नेताना आपल्या बिल्ल्यांपैकी एक खिळ्याला अडकवायचा, परत आणल्यावर काढायचा.

एका बुधवारी बातमी आली. नागपूरला उतरायला निघालेलं प्रवासी विमान आमच्या भागावरून जाताना एकदम वर उसळलं. यंत्रानं इशारा दिला होता. दुसरं विमान आकाशात नव्हतंच. चहा देणारी एअर होस्टेस आपटली आणि तिचा हात मोडला. इशारा खोटा निघाला म्हणून, त्या यंत्रावर सही करणाऱ्या इंजिनिअरला घरी बसवलं.

भाऊंना तर रानच मोकळं मिळालं. "तपासलंच नसन त्यानं. बसल्या बसल्या सही ठोकली असन. असे लोक मले मालूम हायेत." दोन दिवस त्या न पाहिलेल्या इंजिनिअरचा उद्धार चालला होता. मीही मान डोलवत होते.

शनिवारी ते माझ्या खिडकीशी आले ते हातात घडी केलेलं वर्तमानपत्र घेऊन. चेहरा पार उतरलेला. घटना मंगळवारी दुपारची, वेळ पावणेदोनची, असं त्यात छापलं होतं.

"ताई, मंगळवारी दुपारी मी टोप्या नेलत्या का?"

मंगळवारी एक वाजता मी आईला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. खोलीची चावी ऑफिसात टांगून जायची असते. ती माझ्या पर्समध्येच राहिली होती.

"नेल्या होत्या," मी म्हटलं. "बिल्ला दिसला मला."

"कोनं पाह्यला?"

"मी."

"तुम्ही तं नव्हत्याच." आवाज अजिबात चढला नाही त्यांचा. "खोलीले कुलूप होतं. पाच मिनिटांचं काम, मनलं टोपी कायले? पंप मीच चालवला. वीस हजारावर." मग म्हणाले, "तुम्ही काहून खोटं बोलून राह्यल्या?"

मला रडू फुटलं. "भाऊ, नोकरी जाईल हो तुमची! कुणाला कळणार आहे?"

"त्या पोराची गेली नं. दोन दिवस मी त्याले शिव्या देऊन राह्यलो."

त्याच दिवशी त्यांनी चौकशीवाल्यांना पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. वेळ, पंपाची उंची, विमानाचा नंबर, सगळं व्यवस्थित. टोप्या का नव्हत्या, याचं उत्तर फक्त 'मी घातल्या नाहीत'. कुलपाचं नाव नाही, चावीचं नाही, माझं नाही.

महिन्याभरात तो इंजिनिअर कामावर परतला. भाऊंचा परवाना गेला, आणि शेडच्या मालकानं त्यांना लगेच नारळ दिला. शेवटच्या दिवशी ते आपले सगळे बिल्ले मोजून माझ्यासमोर ठेवायला आले. मी म्हटलं, "मीही लिहिते भाऊ. चावी माझ्याकडे होती हे त्यांना कळलं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पाहा तुमचं तुम्ही. मले भरवसा हाये तुमच्यावर."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता. कशाचा भरवसा, ते विचारायचं राहून गेलं. मी लिहीन याचा, की मी काही लिहिणार नाही याचा? ते आता वणीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात असं कळतं. बसनं तीन तासांची वाट. मी एकदाही गेले नाही, कारण पत्र मी लिहिलंच नाही.