मोजणी न झालेले अकरा दिवस

सर्बियात मोरावा नदीकाठच्या रुग्णालयात कॅन्सरला रेडिएशन देणारं मशीन स्लाविका एकवीस वर्षं चालवत होती. रोज सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी ड्रागुटिनने मशीनच्या किरणांची मात्रा मोजायची आणि तिने तक्त्यावर सही करायची, असा नियम. ड्रागुटिन तिचा कूम, म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला, सख्ख्या भावाहून जवळचा. कुमाच्या शब्दावर शंका घेणं तिकडे पापच.

"मोजलंय गं मी. तू ठोक सही," तो म्हणायचा. ती ठोकायची.

एके दिवशी सरकारी निरीक्षक बाई आल्या. "मोजायचं उपकरण मार्चमध्ये अकरा दिवस बेलग्रेडला दुरुस्तीला होतं. मग या सह्या कसल्या?"

ड्रागुटिनने खांदे उडवले. "सही तिची आहे. तिलाच विचारा."

स्लाविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी सही, कबूल. पण कुमा, वहिनीचं रेडिएशन इथेच चालू होतं ना? नेमके तेच अकरा दिवस तिला दुसऱ्या शहरात का नेत होतास, तेही सांग की बाईंना! वाटेत खायला भरल्या मिरच्यांचा डबा मीच देत होते रे!"