भुकेला आम्ही उपवास म्हणायचो

देवाच्या नावावर मी कितीतरी महिने खोटं बोलले, हे आधी सांगून टाकते. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नाही. तेव्हा मी वाशीमला एम.एस्सी. करत होते. माझं घर रिठदच्या पुढे, कच्च्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या लहानशा वस्तीत. दसरा झाला की आई-बाबा ऊसतोडीला निघायचे आणि घराला कुलूप लागायचं ते उन्हाळ्यापर्यंत. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही, म्हणून कॉलेजपासून चालत जाता येईल अशी एक खोली पाहिली. तिथे आधीच एक मुलगी राहत होती. नंदा. किन्हीराजा गावची, माझ्याच वर्गातली. वडील लहानपणीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. गावातून इतकं शिकायला बाहेर पडलेल्या मोजक्या मुलींपैकी ती एक, आणि त्या गोष्टीचं तिच्या आईला केवढं अप्रूप होतं ते नंदा नेहमी सांगायची.

शिष्यवृत्ती येईल या भरवशावर आम्ही दोघींनी प्रवेश घेतला होता. ती आली नाही. आधी खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, ते जोडलं तर अर्ज परत आला, दुरुस्त करून दिला तर तो पुढे कुठे अडकला हे कुणालाच सांगता येईना. खानावळ सुटली. खोलीवर एक वेळ खिचडी टाकायची आणि दुसऱ्या वेळेला अभ्यासात मन गुंतवायचं, असं सुरू झालं. डबा खायला वर्गातल्या मुली बोलवायच्या. नेहमी नाही कसं म्हणायचं? मग एका सोमवारी मी सहज बोलून गेले, "आज माझा उपास आहे." मुलींनी मान डोलावली आणि विषय संपला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. सोमवार झाला, मग गुरुवार, मग शनिवार, त्यात चतुर्थी आणि एकादशी. नंदाही माझ्यासोबत धरायला लागली. घरमालकीणकाकू जिन्यात भेटल्या की कौतुक करायच्या, "आजकालच्या पोरींमंदी असी भक्ती कुठं पाहाले भेटते?" मी खाली मान घालून हसायचे.

नंदाला मात्र सगळ्याचं हसू यायचं. एकदा पाणी पिऊन पांघरुणात शिरताना ती म्हणाली, "देवालेबी वाटत असन, ह्या दोन पोट्ट्या काहून माह्या मांगं लागल्या? मागत तं काई नाईत."

खरंच, आम्ही काही मागत नव्हतो. देवाकडेही नाही आणि माणसांकडेही नाही. गरिबीची लाज वाटते असं नुसतं म्हटलं तर ते समजत नाही. आमच्या दोघींच्या आयांनी सांगून ठेवलं होतं, कोणापुढं हात पसरजो नोको. ते आम्ही इतकं मनावर घेतलं की हात उघडायचाच विसरलो.

दिवाळीनंतर नंदाला खोकला लागला. थंडी होती, सगळेच खोकत होते. औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली दोघींनी मिळून संपवली, कारण तोवर मलाही लागला होता. नंदाचे कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले. संध्याकाळी तिचं अंग तापायचं, पहाटे घामाने उशी ओली व्हायची. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात जाऊन येऊ. ती एकदम चिडली. "तिथं आमच्या गावचे लोक येतेत. त्या रांगेत मले कोनी पायलं, अन् टीबीचं नाव निघालं, तं मायचं तोंड कुठं राहीन? लगन तं सोडच, लोक घरात पानी पेनार नाईत." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिला ओढत न्यायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मला स्वतःलाही तीच भीती होती, आणि नंदा दवाखान्यात गेली नाही याचं मनातल्या मनात बरंच वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण ते खरं आहे.

संक्रांतीला ती गावी गेली ती परत आली नाही. फोनवर म्हणायची, "येतो ना व, जराशी ताकत आली की येतो." पुढे फोन तिचा भाऊ उचलायला लागला.

माघातल्या एका शुक्रवारी मी देवीच्या मंदिरात गेले. खोलीवर दाणा नव्हता आणि मंदिरात दर शुक्रवारी भंडारा असायचा, एवढंच कारण. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात. गाभाऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा हात जोडले गेले नाहीत. मनात म्हटलं, मी तुझ्यासाठी आलेले नाही, उगाच गैरसमज नको. आणि पंगतीत जाऊन बसले. पहिले चार घास मी कसे खाल्ले ते मला आठवत नाही. पाचव्या घासाला खोकल्याची उबळ आली. ओढणी तोंडावर दाबली. बाजूला घेतली तेव्हा तिच्यावर लाल डाग होता. मी ती झटकन मुठीत आवळली.

शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. जांभळं लुगडं, हातात कापडी पिशवी. ती जेवायची थांबली होती.

"कवापासून हाय हे?"

"काही नाही मावशी, धूळ गेली घशात."

"मी दवाखान्यात थुंकी तपासतेत ना, तिथं झाडूपोछा करतो. अठरा वर्सं झाले. धुळीनं काय होते अन् कायनं काय होते, तेवढं कळते मले."

तिने माझ्या पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "पायले पोटभर जेव. मंग उद्या सकायी दहाले मोठ्या गेटपाशी येजो. मी उभी राहीन. कोनाले सांगाची गरज नाई." नंतर हात धुताना आपणहूनच म्हणाली, "मी इथं कधी येत नाई वो. घरी गावाले जाची होती, माही यष्टी चुकली. दुसरी दोन तासानं. म्हटलं, तवर देवीचं दर्सन तरी करून घ्यावं."

मी तिला हो म्हटलं, पण जायचं नाही असं ठरवूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरत होते तेव्हा नंदाचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज. इतका बारीक की मला फोन कानात खुपसावा लागला. तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. नाकाला नळी होती. थांबत थांबत ती एवढंच म्हणाली, "तू जाऊन ये दवाखान्यात. आजच जाय. माह्यावानी नोको करू." पंगतीतल्या त्या बाईबद्दल मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. सांगायला वेळच कुठे होता? मी वेणी तशीच सोडून चपला घातल्या.

मावशी गेटपाशी उभ्या होत्या. पुढचं सगळं त्यांनी माझा हात धरून करून घेतलं. तपासणीत ते निघालंच. गोळ्या फुकट होत्या. पहिले काही दिवस खोलीतच राहायचं, तोंडाला रुमाल बांधायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. समजावून सांगणारी एक तरुण ताई होती. तिने विचारलं, "जेवणाचं काय?" सवयीने माझ्या तोंडून निघालं, "माझे उपास असतात." मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, मी पायलं तुले पंगतीत. बोल खरं."

मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर म्हटलं की मला भूक लागते आणि माझ्याकडे खायला नसतं. बोलता बोलता रडू कोसळलं. ताई थांबली, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगू लागली. या आजारात सकस आहारासाठी सरकारकडून खात्यात मदत जमा होते. काही दाते दर महिन्याला डाळ, शेंगदाणे, गूळ अशी पिशवी देतात, तीही मिळेल. "आणि कॉलेजात सांगितलं का? तिथेही काहीतरी असतं."

तोंड बांधून मी पुन्हा कॉलेजला जायला लागले तेव्हा विद्यार्थी कल्याणाचं काम पाहणाऱ्या सरांकडे गेले. दार ओलांडायला तीन खेपा लागल्या. सरांनी ऐकून घेतलं, कपाटातून एक फाईल काढली, उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. आत कोरे अर्ज होते. गरजू मुलांना जेवणासाठी कुपनं, आजारपणात मदत, ग्रंथालयात काम करून कमवायची सोय. सर म्हणाले, "यंदा एकही अर्ज आला नाही. आम्हाला वाटलं, गरज नसेल कुणाला. नोटीस तर लावली होती." ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर, काचेच्या आत. मी तिथे जाऊन पाहिलं. परीक्षेच्या वेळापत्रकामागे अर्धी झाकलेली, बारीक अक्षरात. त्या फलकाखालच्या बाकावर नंदा आणि मी रोज दुपारी बसायचो, डब्याची वेळ टळावी म्हणून.

ती कुपनं मला मिळू लागली त्याच आठवड्यात नंदा गेली.

भावाने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. मला जाताही आलं नाही, माझेच उपचार नुकते सुरू झाले होते, प्रवासाचं बळ अंगात नव्हतं. त्या शुक्रवारी मी देवीच्या मंदिरात गेले आणि मोठ्याने बोलले. पुजारी वळून पाहत होता, तरी बोलले. एकच यष्टी चुकवता येते का तुला? किन्हीराजाहून वाशीमला इतक्या गाड्या येतात, त्यातल्या एकीत तिच्या शेजारी बसवायला तुला कोणीच सापडलं नाही? ती माझ्यापेक्षा हुशार होती. ती हसायची. उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही. लोक म्हणतात, तुझ्यावर कृपा झाली. झाली, हे मी नाकारत नाही. पण ज्या कृपेच्या शेजारी एक रिकामी खाट आहे, ती स्वीकारणं फार जड जातं. एखादे वेळी वाटतं, नंदाकडेही देवीने कोणालातरी पाठवलं होतं, आणि ती मीच होते. मी हात धरला नाही.

गोळ्यांनी तोंडाची चव गेली, मळमळायचं, तरी सहा महिने एकही दिवस चुकू दिला नाही. कधी गोळी नकोशी झाली की मावशींचा फोन यायचाच असा. "खाल्ली का?" एवढंच विचारायच्या. सरांनी ती नोटीस मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक वर्गात वाचून दाखवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले आणि फळ्यापुढे उभी राहून सांगितलं की हे मी घेते. वर्गात कोणी मान वर केली नाही. तास संपल्यावर एकेक करून सात मुलं-मुली सरांच्या दाराशी आली.

उपचार संपले तेव्हा मी किन्हीराजाला गेले. नंदाची आई अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून उठली, जवळ घेतलं, आणि माझ्या गालांवरून हात फिरवत राहिली. माझं अंग भरलं होतं. ते तिला दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघी ओट्यावर बसलो. मग तिने विचारलं, ज्याची मला वाटभर भीती वाटत होती तेच.

"एक सांग बाई. माही पोरगी तिथं जेवत होती ना? मी इचारलं की म्हने, माय, आज उपास हाय. लय देवाचं कराले लागली होती म्हने."

हो म्हणणं सोपं होतं. त्या माऊलीला तेवढाच आधार झाला असता. मी डोळे मिटले आणि देवीला म्हटलं, आता मला काही कळत नाही, तूच काय ते बोल. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही मावशी. आमी दोघीबी उपाशी राहत होतो. देवाचं नाव आमी खोटं सांगत होतो."

तिने पदर तोंडाला लावला नाही, ती रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. मी उठायच्या बेतात होते. आतून थापटण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली. गरम ज्वारीची भाकर, वरण, मिरचीचा ठेचा. माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"जेव," ती म्हणाली. "पोट भरेपर्यंत जेव. लाजू नोको."

नाही म्हणायची सवय माझ्या हाडात मुरलेली. पण तिच्याकडे पाहिलं आणि हात आपोआप पुढे गेला. शरण जाणं म्हणजे काय, हे मी कधी पोथीतून शिकले नाही. आपल्यापाशी काही नाही हे कबूल करायचं आणि समोरून येईल ते घ्यायचं, एवढंच मला त्या ओट्यावर कळलं. देणारीचं तर माझ्याहून जास्त गेलं होतं. देवी, तुझ्याशी माझं भांडण मिटलेलं नाही, पण त्या घरी मला पोहोचवलंस त्याचे उपकार मी विसरणार नाही. मी एक भाकर संपवली. नंदाच्या आईने दुसरी वाढली, आणि मी ती घेतली.