वाघाचं नाणं

वाघमावशी पैशाकडे नीट बघायचीसुद्धा नाही. नाणं हातात आलं की ती ते उलटं करायची, सिंहांच्या चित्रावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "वाघोबा हाय ना? मंग चालल." लगेच नाणं कमरेच्या चंचीत. ते वाघ नाहीत, सिंह आहेत, असं मी एकदा तिला समजावायला गेले. तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "सिंव्ह कोनी बघितलाय इकडं, बाय?" गंजाडला तिच्या पाड्याच्या वेशीवर शेंदूर लावलेला वाघोबा होता. त्याच्यावर तिची श्रद्धा होती. सरकारने तोच पैशावर छापलाय म्हटल्यावर सरकारवरही तिने तेवढीच श्रद्धा ठेवली होती.

मी तेव्हा डहाणू रोडच्या एका बँकेत कॅशियर होते, राहायला सरावलीला. मावशी आमच्या शाखेच्या पायरीशी गोणपाट अंथरून बसायची. पासबुकावर तिचं चांगलं मोठं नाव होतं, पण आमच्या शिपायाने तिला वाघमावशी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. तिलाही ते आवडत असावं. हाक मारली की ती मान ताठ करून बघायची.

तिच्याकडे तराजू नव्हता. वालाच्या शेंगा असोत, करवंदं असोत की पावसाच्या तोंडावर निघणारी शेवळीची रानभाजी, सगळ्याचे वाटे. वाटा दहा रुपयांचा. घासाघीस केलेली तिला खपत नसे. मी एकदा म्हटलं, "मावशी, तीन वाटे पंचवीसला दे." तिने तिन्ही वाटे माझ्या पिशवीत ओतले, वर आणखी एक मूठ टाकली आणि तीस रुपये घेतले. "वर माग, देते. खाली नको मागू." हा हिशोब मला नोकरीच्या तेवीस वर्षांत कुणी शिकवला नव्हता.

मग ती दहाच्या नाण्यांची भानगड सुरू झाली. कुणी कुठून उठवलं देव जाणे, पण नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, अशी आवई उठली आणि आठवडाभरात बाजाराने दोन्ही प्रकारची नाणी घेणं बंद केलं. रिक्षावाला घेईना, दूधवाला घेईना. आमच्या समोरचा किराणावाला तर मी, बँकेतली बाई, समोर उभी असताना नाणं बोटाने परत सरकवायचा. "बेन, ए नथी चालतुं. वेपारी लेता नथी." मी त्याला कायदा ऐकवला. दहाचं प्रत्येक नाणं कायदेशीर चलन आहे, हजार रुपयांपर्यंतची नाणी कुणालाही नाकारता येत नाहीत, वगैरे. तो हसला आणि मी निमूट नोट काढून दिली. वरून आलेली सूचना मी स्वतःच्या हाताने काउंटरच्या काचेवर चिकटवली होती. ती वाचायला कुणी थांबत नसे.

सगळ्या बाजारात ती नाणी घेणारी एकच बाई उरली. वाघोबा आहे म्हटल्यावर मावशीला रेघांशी काय करायचंय! लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. घरातली, गल्ल्यातली, खिशातली नाणी घेऊन लोक तिच्याकडे यायला लागले. तिचा माल बाराच्या आत संपायचा आणि ती खूश असायची. "आवंदा गिऱ्हाईक लय," म्हणायची. आणि इथे मला खरं सांगायलाच हवं. मीही तेच करत होते. पर्समधल्या नोटा वेगळ्या ठेवून, नाणी वेचून तिला देत होते. आमच्या शाखेतले सगळेच देत होते. नाणी कायदेशीरच आहेत, मग यात वाईट काय, असं मी मनाला सांगून टाकलं होतं.

एप्रिलमध्ये एक दिवस ती काउंटरशी आली आणि काचेला नाक लावून म्हणाली, "बाय, लग्नाला यायचा हां."

"कुणाचं लग्न, मावशी? नातीचं?"

"माझा."

आमची अख्खी शाखा हसली. मीही हसले. मावशी मात्र हसली नाही. मग हळूहळू कळलं. तिच्या घरधन्याबरोबर ती पस्तिसेक वर्षं राहत होती. पोरं झाली, नातवंडं झाली, पण लग्न लावायचं राहून गेलं होतं. त्यांच्यात असं चालतं, त्यात कुणाला लाज नसते. गावाला जेवण, लुगडी, ताडी, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान, एवढा सगळा खर्च जमेल तेव्हा लग्न. कुणाकुणाचं तर मुलाच्या मांडवातच उरकतं. पण लागावं लागतंच. तिचा म्हातारा आता खोकत होता, शेतात जाईनासा झाला होता. "तो म्हनतो, आगोट लागायच्या आंगी करू," मावशी म्हणाली. पावसाळी कामं सुरू व्हायच्या आत, म्हणजे दीड महिन्यात. धवलेरीला सांगून झालं होतं. पैसेही जमले होते. सगळे दहाच्या नाण्यांत.

ते पैसे कुणी घेईना. लुगड्यांच्या दुकानाने हात जोडले. तांदूळवाल्याने पिशवी उघडूही दिली नाही. तिचा भाऊ वेवजीला राहायचा. त्याने सांगितलं, इकडे गुजरातच्या हद्दीवर चालतात. म्हणून ती पिशवी घेऊन तलासरीपर्यंत गेली, तिथून वेवजीला गेली आणि तशीच परत आली. जीपवाल्याने भाड्यालाही नाणं घेतलं नाही, तेव्हा भावाने नोट दिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी होती. पिशवी तिने काउंटरवर ठेवली, तेव्हा काच थरथरली.

"बाय, बाजार असा का करते? वाघ मेला का याच्यातला?"

त्या दिवशी माझ्यासमोर पगारवाल्यांची रांग होती. नाणी मोजायचं मशीन नव्हतंच, हाताने मोजावी लागत. तिजोरीत नाण्यांना जागा नाही म्हणून साहेब आधीच वैतागले होते. आणि मला तो नियम आठवला. हजार रुपयांचा. तो देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी आहे, खात्यात नाणी भरायला बँकेत मर्यादा नाही, हे मला काचेवरच्या कागदाइतकं पाठ होतं. तरी मी म्हणाले, "मावशी, दिवसाला हजारचीच घेता येतात. आणि आज गर्दी आहे. सोमवारी ये."

मावशीने वाद घातला नाही. कायदा म्हटलं की ती नाण्यावरच्या वाघोबाइतकाच तोही मानायची. सोमवारी ती आली. त्या दिवशी साहेब रजेवर होते, मी एकटीच होते. मी म्हटलं, "बुधवारी." बुधवारी तिने हजाराची नाणी मोजून, वेगळी बांधून आणली होती. ती मी घेतली. उरलेल्यांसाठी पुन्हा ये म्हटलं. गंजाडहून यायचं म्हणजे धंद्याचा दिवस मोडायचा, भाड्याला नोट शोधायची. ती आणखी एकदा आली, मग यायची थांबली. मला, खोटं कशाला बोलू, जरा सुटल्यासारखं वाटलं.

पाऊस सुरू झाला, लावण्या झाल्या. पायरीशी गोणपाट दिसेना. भात कापणीला आलं, तेव्हा ती एकदम दिसली, वाटे मांडून. मी सगळं टाकून खाली गेले.

"मावशी, राहिलेली नाणी आण. सगळी आण. मी आजच घेते, रांग गेली खड्ड्यात."

"संपली," ती म्हणाली. शेंगा नीट लावत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "म्हातारा गेला ना, गणपतीच्या आंगी. तेच्या मयतीला लागली. बांबू, कापड, बाराव्याचा तांदूळ. मयतीला कोनी नाय म्हनला नाय, बाय. समद्यांनी घेतली."

मी तिच्याशेजारी पायरीवरच बसले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, नेहमीच्याच. मी त्यांच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिने हात लपवला नाही.

"बाया म्हनल्या, फोड. मी म्हनलं, कशाला? लगीन कुठं झाला? मी तेची बायको असते, त फोडल्या असत्या." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, कायदा माहीत असलेल्या बाईला. "तूच सांग बाय, मी तेची कोन?"

तिने एक वाटा उचलला, माझ्या पदरात ओतला, आणि मी पर्स उघडायला लागले तेव्हा माझा हात धरून ती बंद केली.

पुढे माझी बदली झाली. आता नाणी सगळीकडे चालतात, तो किराणावालाही घेतो. मी अजून कधीकधी मनात ती पिशवी काउंटरवर ओतते आणि मोजायला बसते. वीस मिनिटं लागली असती, फार तर पंचवीस.