पक्केमामांची पिशवी

माझे मामा शिंपी. सगळी गल्ली त्यांना पक्केमामा म्हणायची, कारण शिवलेला कपडा हातात देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "कापड फाटेल, पण टीप उसवणार नाही."

यावर मामी आतून ओरडायची, "म्हणूनच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही!"

घर नदीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार, आणि वर लोखंडी शिडीने चढायचा बुटका माळा. एका वर्षी पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं, तेव्हा मामांनी धसका घेतला आणि जाड ताडपत्रीची एक पिशवी शिवली. तिच्यात टॉर्च, काडेपेटी, चाकू, दोरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कोरडे कपडे ठेवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामीचा श्वासाचा पंप, नवाकोरा. मामीला जुना दमा होता.

पिशवीला आधी चेन होती. पण आमच्या घराण्याला चेन म्हणजे आमंत्रण. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले, काढ पिशवीतून. शेजारीण चहाला आली, बिस्किटं काढ पिशवीतून. सगळ्यांचं म्हणणं एकच, "उद्या ठेवू की परत." एकदा मामीला धाप लागली आणि पंप बघतात तर पिशवीत नाहीच. तो मामीनेच काढून वापरला होता आणि सांगायची विसरली होती.

मामा चिडले. त्यांनी नवा पंप आणला, पिशवी भरली आणि चेनीवरून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून तोंडच शिवून टाकलं.

"अहो, आणि लागली तर?" मामीने विचारलं.

"कात्री मारायची. शिंप्याच्या घरात कात्रीचा काय दुष्काळ पडलाय?"

दरवर्षी ते पिशवी उसवायचे, आतलं सामान बदलायचे आणि पुन्हा शिवायचे.

बांध फुटला तो भर दुपारी. मामा पँटची लांबी कमी करत होते. माझी मामेबहीण कामावर होती आणि तिची मुलगी, जिला सगळे उंदरी म्हणतात, शाळेत. घरात दोघंच. पाणी दारातून नाही, मोरीतून वर आलं आणि बघता बघता गुडघ्याला लागलं. मामांनी खुंटीवरची पिशवी माळ्यावर फेकली, मामीला शिडीवर चढवलं आणि मागोमाग स्वतः चढले. मामीचा रोजचा पंप उशीखाली असायचा. ती उशी त्यांच्या डोळ्यांदेखत पलंगावरून तरंगत गेली.

"जाऊ दे," मामा म्हणाले, "पिशवीत नवा आहे."

चढण्याने आणि घाबरण्याने मामीची छाती भरून आली होती. मामांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने उजवा हात बाजूला नेला. मशीनवर बसलं की कात्री तिथेच असते. माळ्यावर तिथे भिंत होती.

कात्री खाली राहिली होती. चाकू पिशवीत होता. कापण्यासारखं जे काही होतं, ते त्यांनीच हौसेने आत भरून वर टीप मारली होती.

त्यांनी नखं लावली. छपराच्या पत्र्याच्या कडेवर शिवण घासली, तर त्यांचाच हात कापला. मग दात लावले.

"राहू द्या," मामी धापा टाकत म्हणाली. "आहेत ते चार दातही जातील."

"गप्प बस. बोलू नकोस."

थोड्या वेळाने तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काय पक्की शिवलीत हो."

तिने मामांच्या शिलाईला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मामाही म्हणतात, ते पहिल्यांदाच.

मामा खाली उतरले. पाणी छातीच्या वर गेलं होतं. मशीन आडवं पडलं होतं. ते बुडी मारून चाचपडत राहिले. कापड, हँगर, रीळ, पुन्हा कापड. शेवटी मशीनच्या पायट्याखाली कात्री सापडली. वर येऊन त्यांनी एका हिसक्यात शिवण कापली आणि पंप मामीच्या तोंडाला लावून दाबला.

"ओढ. अगं, आत ओढ ना."

पंप चालत होता. ओढायला मामीत जोर उरला नव्हता.

माणसं नाव घेऊन आली, तेव्हा मामा तिच्या तोंडाशी पंप धरूनच बसले होते. नाववाल्याने हळूच त्यांचा हात बाजूला केला.

पाणी ओसरल्यावर मी पिशवी पाहिली. आतली काडेपेटीसुद्धा कोरडी होती. टॉर्चचं बटण दाबलं, तर लगेच लागला. कात्री लागली तेवढी जागा सोडली, तर टीप कुठेच उसवली नव्हती.

दुकान पुन्हा सुरू झालं. आता कपडा देताना मामा काहीच बोलत नाहीत. खुंटीवर नवी पिशवी आहे, उघड्या तोंडाची. चेन नाही, बटणसुद्धा नाही. उंदरी राजरोस तिच्यातली बिस्किटं खाते. तिची आई तिच्यावर ओरडली, तर मामा म्हणतात, "खाऊ दे." आणि संध्याकाळी गुपचूप नवा पुडा आणून ठेवतात.

परवा मी त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात गेलो होतो. पिशवीतल्या पंपाची तारीख संपत आली होती.

"कोणाला लागतो?" दुकानदाराने विचारलं. तो नवीन होता, त्याला माहीत नव्हतं.

"कोणाला नाही," मामा म्हणाले. "घरात असावा."

दुकानदाराने खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली, तसा मामांनी त्याचा हात धरला.

"नको. उघडाच द्या."