लसीकरणाच्या दारात माझी वही

दिवाळी उलटून गेल्यावरचा मंगळवार, करोनाच्या लसीचं साल. पहाटे गारठा, दहाला चटका देणारं ऊन, वारा नाही. आता हसायचं तर हसा, पण त्या दिवशी मी जी माती खाल्ली, तिची नोंद माझ्याच अक्षरात आहे!

माझी बायको कमल गावची आशाताई. महिनाभर पायपीट करून तिने शाळेत लसीकरण ठरवलं. पाटोद्याहून नर्सबाई जीपने आल्या, चारला परत जाणार. आणि धनगरवस्ती बुधवारी पहाटे मेंढरं घेऊन निघणार, ती थेट पावसाळ्यात परतणार. म्हणजे आज नाही तर नाहीच.

मी लस घेतली होती का? थांबा हो! मी अभ्यास करत होतो. शंभर जणांना टोचल्यावर कोणाला ताप आला, कोणाचा दंड दुखला, हे सगळं मांडायचं आणि मग स्वतःचं ठरवायचं. म्हणून शाळेच्या दारातच खुर्ची टाकली. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही.

अकराला वस्तीवरची माणसं आली. मला लांबूनच पाहिलं, कुजबुजली, माघारी फिरली. मी लिहिलं : ‘परतले. कारण : अज्ञान.’ बाराला गावातले शेतकरी आले, तेही फाटकातूनच वळले. मी लिहिलं : ‘वरीलप्रमाणे.’

दोन वाजले. दहा जण जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही, म्हणून नर्सबाई पेटी आवरू लागल्या. कमल रडकुंडीला येऊन वस्तीवर धावली आणि तिथले कारभारी बिरूमामा यांना घेऊनच परतली. मागे अख्खी वस्ती.

“अहो, लोक सुईला नाही, तुम्हाला भ्यायलेत!” कमल माझ्यावर खेकसली.

“मला? कावून?”

“वस्तीला वाटलं, जंगल खात्याचा माणूस चराईचा दंड लावायला नावं लिहितोय. आणि गावात बोंब, की कोणत्या गटाचे किती आले ते तुम्ही पुढाऱ्याला कळवताय!”

मी घाईघाईने वही उघडून दाखवली. मामांना वाचता येत नव्हतं. कमलला येत होतं. तिने ‘अज्ञान’ मोठ्याने वाचलं.

मामा गालात हसले. “आमी मेंढरायला दरसाली लस टोचतो, भाऊ. तुमी घेतली का?”

“माझा... अभ्यास चालू आहे.”

“कुठवर आला?”

“अजून कोणी टोचूनच घेतली नाही, तर...”

“लई हुशार मेंढरू हाय बे हे!” मामा मागे वळून ओरडले. “कळपाच्या मागं उभं राहून वाट बघतंय. धरा ह्याला आधी!”

हशा ऐकून मघाशी वळलेले गावकरीही फाटकातून आत आले. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला गाव, मधल्या खुर्चीवर मी. नर्सबाईंनी बाटली फोडली. “मला काही होत नाही,” असं म्हणत मी सुईकडे पाहिलं. तेवढंच आठवतं.

चारला जीप निघाली तेव्हा पेटी रिकामी होती. वस्तीवरच्या एकतीस आणि गावातल्या बावीस जणांनी खुर्चीवर बसून लस घेतली. मी सतरंजीवर आडवा असताना घेतली.