पाणीवाली मॅडम

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गावभर बोभाटा झाला, की बाई लई माणुसकीची हाय, गेल्या गेल्या पाणी पाजती. खरंच होतं ते. बाई माणूस स्टुलावर टेकली की मॅडम आधी तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या. "हं, मान वर करा. घोट घ्या. गिळा." ती बिचारी भक्तिभावाने प्यायची आणि मॅडम तिच्या गळ्याकडे टक लावून बघत राहायच्या. गिळताना तिथं काही सूज वर-खाली होते का, ते शोधायच्या. हे कळल्यावर माणुसकीचं कौतुक जरा ओसरलं, पण 'पाणीवाली मॅडम' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. परळीची पोर, राखेत वाढलेली. वडील तिथंच औष्णिक वीज केंद्रात कामाला. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो आणि टेबलामागची खुर्ची कायम रिकामी. मॅडम व्हरांड्यात. रांगेतून फिरत कुणाचा तळपाय बघ, कुणाच्या मानेवरचा काळा पट्टा बघ. "आजोबा, हा मळ नाही. दगडानं घासून जाणार नाही. साखर तपासून घ्या." म्हातारे कावायचे, "खोकला दाखवायला आलो अन् ही मान धरती!" मॅडमच्या शेजारी दोन मिनिटं उभं राहिलं तरी माझ्याही पायांत वळवळ सुरू व्हायची.

घरात शिकलेली मी एकटी, म्हणून दवाखान्याची कामं माझ्याच माथी. वहिनीला घेऊन गेले ते फक्त रक्तवाढीच्या गोळ्या फुकट मिळतात म्हणून. तिची गर्भाची पिशवी काढायचं शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ठरलं होतं; रक्त थोडं भरलं की ऑपरेशन. दादा आणि वहिनी ऊसतोडीला जायचे. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वहिनीच्या अंगावरून इतकं जायचं की दर महिन्याला खाडे, आणि खाडे झाले की मुकादमाचं तोंड सुरू. तिशीही न गाठलेली बाई, पण तीच म्हणायला लागली होती, एकदाची कटकट जाऊ द्या. आईचा तर हट्टच. "माझी काढलीच की. मला काय धाड भरली?"

मॅडमनी वहिनीला पाणी पाजलं. गळा बघितला, सुजलेला चेहरा बघितला. "ताई, आवाज आधीपासून असाच घोगरा? झोप फार येते? उन्हाळ्यातही गार वाटतं?" वहिनी एकदम रडायलाच लागली. सगळ्या घराने तिला झोपाळू ठरवलं होतं, आणि ही परकी बाई तिला पहिल्यांदाच विचारत होती.

"पिशवी कधीकधी काढावीच लागते, मी नाही म्हणत नाही," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पण घरात पाणी साचलं तर आधी नळ बघतात की भिंत पाडतात? थायरॉइड तपासू. तोवर ऑपरेशन थांबवा."

रिपोर्ट आला. थायरॉइड पार मंदावलेलं. त्यानेही अंगावरून जास्त जातं, हे आम्हाला कोण सांगणार? मॅडमनी गोळी दिली आणि बजावलं, "ही उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर. रक्ताची गोळी दुपारी. ह्या दोघी सवती आहेत, एकत्र आल्या की भांडतात."

मग सुरू झाली नुसती तगमग. दसरा झाला. तोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. दादा रोज फाट्यावर जाऊन ट्रक बघून यायचा, घरी येऊन कुणावर तरी खेकसायचा. आणि वहिनीची पुढची पाळी होती तशीच! आई कडाडली, "पाणी पाजून आजार बरा व्हतो व्हय? आता कशापायी थांबायचं?" दादाने ऑपरेशनची तारीख पुन्हा घेतली. शेवटी मीच मॅडमना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची स्कूटी दारात. उंबऱ्यातूनच त्यांनी वहिनीला विचारलं, "गोळी कशी घेता?"

"चहासंगं."

"आणि रक्ताची?"

"तीबी तवाच. एकदाच घिऊन टाकते, मंग रानात जायला मोकळी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, सवतींना एकाच ताटात जेवायला बसवलंत की!" वहिनीसुद्धा हसली. दादाने मात्र मान खाली घातली आणि तारीख पुढे ढकलायला फोन काढला.

त्या दिवसापासून कारभार आईने हातात घेतला. पुटपुटत का होईना, पण वहिनीने गोळी घेऊन तासभर झाल्याशिवाय चुलीवर चहाचं भांडं चढू द्यायची नाही. गावची टोळी निघून गेली, हे दोघं मागे राहिले. पुढच्या महिन्यात जाणं कमी झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात वहिनी एकही दिवस निजून राहिली नाही. दादाने स्वतः खासगी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन नको म्हणून सांगितलं आणि उशिराच्या ट्रकने दोघं गोळ्यांची पाकिटं घेऊन गेले.

गेल्या वर्षी मॅडमची बदली झाली. आता गल्लीत कुणी पिशवी काढायचं नाव काढलं, की आमची आईच तिला दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेते. "आधी नरडं दाखव, मंग बघू." लोक म्हणतात, म्हातारीला वेड लागलंय. लागलंय खरं. मॅडमनी एकदा तिलाही जबरदस्तीने पाणी पाजलं होतं. "मला तान न्हाई," म्हणत होती. रिपोर्ट वहिनीसारखाच आला.

आईला वाचता येत नाही, तरी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मंग माझी पिशवी उगंच काढली का, बाई?"

"माहीत नाही, मावशी. तेव्हा कुणी तपासलंच नाही. आता खोटं कसं सांगू?"

"तवा तुमी कुठं गेलत्या?"

"शाळेत होते, मावशी."

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या पाठीवर अजून एक पोरगी पायजे व्हती मला. नावबी काढून ठिवलं व्हतं."

ते नाव काय होतं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.